पोळ्याच्या दिवशी टक्

भैय्याजीला विजेतलं सगळं कळतं. हे त्याचं स्वतःचं मत आहे, पण आंजीत ते इतकी वर्षं इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं गेलं आहे की आता गावाचंही तेच मत झालं आहे. कोणाच्या विहिरीवरची मोटर बसली, कोणाचा पंखा कण्हायला लागला, की भैय्याजीला बोलावणं जातं. तो येतो, मीटरच्या पेटीकडे रागाने बघतो, "करंट येऊन राह्यला, पन मनातून नाई येऊन राह्यला," असं निदान करतो आणि चहा मागतो. चहा संपेपर्यंत कुठून तरी लाईन येतेच. मग लोक लाईनकडे न बघता भैय्याजीकडे बघतात.

आम्ही दोघं आंजीच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी नालवाडीला राहायला गेलो, तो वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, पिकवत इथेच राहिला. म्हणून त्याची थट्टा करण्याचा अधिकार गावात फक्त मला आणि त्याच्या बायकोला, वच्छलाबाईंना आहे. त्या तो रोज वापरतात. मी सणावारी.

आता त्याच्या गाडीबद्दल सांगतो. भैय्याजीचे वडील लक्ष्मणराव यांनी एका लिलावात जुनी अँबॅसिडर घेतली होती. तेव्हा ती पांढरी होती. आज तिचा रंग आंबलेल्या ताकासारखा आहे. तिच्या डिकीतून आणि मागच्या सीटवरून या घराची भाजी वर्षानुवर्षं वर्ध्याच्या बाजाराला गेली. ती कोणी लग्नाला मागून नेली, तर नवरीच्या शालूला आठवडाभर सांबाराचा वास यायचा. घरातला शेवटचा बैल सर्जा म्हातारा होऊन गेला, त्या वर्षी पोळ्याला गोठा रिकामा. लक्ष्मणराव बराच वेळ गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि मग म्हणाले, "जो घर ओढते, त्याचा पोळा. आता हे गाडी ओढते." आणि त्यांनी अँबॅसिडरला झूल घातली, आरशांना शिंगांसारखा हिंगूळ लावला आणि ती गावाच्या तोरणाखाली बैलांच्या ओळीत नेऊन उभी केली. पहिल्या वर्षी गाव हसलं. दुसऱ्या वर्षी गावाने तिच्यासाठी जागा सोडली. गाडीचं नाव पडलं सर्जी.

लक्ष्मणराव गेले. भाजी आता छोट्या टेम्पोतून जाते. पण तोरणाखालची जागा सर्जीचीच, आणि ती राखणं हे भैय्याजीचं एकमेव कर्तव्य, असं तो मानतो. बाकीची कर्तव्यं वच्छलाबाई मानतात.

आणि इथेच घोटाळा होता. वडील गेल्यापासून सर्जी वर्षभर गुणी वागायची आणि बरोबर पोळ्याच्या दिवशी रुसायची! दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि चावी फिरवली की फक्त: टक्. पुन्हा फिरवा. टक्. माणसाने तोंडात जीभ वाजवून "नाही" म्हणावं, तसा आवाज.

पहिल्या वर्षी भैय्याजीने विहिरीच्या मोटरचा इलाज केला. मोटर कुरकुरली की अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओततात. गाडीला खड्डा नव्हता, तो त्याने खणला. जमिनीत सळई ठोकली, तिची तार बंपरला बांधली आणि वरून बादलीभर खारं पाणी. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली, तर गाडी सुरू! मीठ मुरायला एक रात्र लागते, असा शोध आंजीत जाहीर झाला. पुढच्या वर्षी पुन्हा टक्. त्याने सगळे फ्यूज बदलले. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू. त्याच्या पुढच्या वर्षी लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी सुरू. भैय्याजीची कीर्ती गाडीपेक्षा वेगाने धावली. गाडी दरवर्षी का बिघडते हे कोणी विचारलं नाही. दरवर्षी दुरुस्त होते, याचंच कौतुक.

लिंबाच्या वर्षी मात्र एक प्रसंग झाला. टक् करणारी गाडी धक्का मारला की सुरू व्हायची. तोरण तुटल्यावर पोरांनी धक्का मारला, सर्जीने बंदुकीसारखा एक बार काढला आणि भूपेंद्रची जोडी उधळून थेट ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढली. भूपेंद्र म्हणजे पोळ्याच्या कमिटीचा प्रमुख. बैल उतरवायला त्याला संध्याकाळ झाली. खाली आला तो निकाल घेऊनच.

"भैय्याजी, पुढल्या साली धक्का बंद. तोरनाखाली चावीवर सुरू झाली तं थे बैल. नाई झाली, तं दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात आनजो. लाकडाच्या नंदीइले बी चाकंच असते."

गाव पोट धरून हसलं. तान्ह्या पोळ्यात शेंबडी पोरं दोरीने लाकडी बैल ओढत आणतात. लक्ष्मणरावांच्या सर्जीला तिथे उभं करायचं? भैय्याजी वर्षभर ते बोलणं चावत होता.

यंदा पोळ्याच्या सकाळी मी आंजीला पोहोचलो, तर सर्जी अंगणात नटून उभी. अंगावर गेरूचे ठिपके, जाळीवर घुंगरमाळ, काचेवर बेगड. आणि भैय्याजी तिच्यापुढे हात जोडून.

"काबे, आला का! काल सांजेलोक एका चावीत सुरू होत होती. पंधरा दिवसांपासून रोज पाहून राह्यलो. आता पाह्य."

टक्.

"पाह्यलं? काल सांजेले मी वर्ध्याले झूल आनाले गेलतो. मी नसताना कोनी तरी नजर लावली."

"नजर लागली तर दिवेही गेले असते," मी म्हटलं.

त्याने दिवे लावले. लख्ख. हॉर्न वाजवला, शेजारच्या मंदाबाईंच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. "लावा ना बाप्पा अजून!" पलीकडून मंदाबाई ओरडल्या. "सनासुदीले अंडं नाई देनार आता एक बी!"

तेवढ्यात नालवाडीहून नीलेश आला. त्याचं बॅटरीचं दुकान आहे, आणि भैय्याजीने त्याला सकाळी सकाळी फोन करून पुरणपोळीचं आमिष दाखवलं होतं. मोटरसायकलवर नवीकोरी बॅटरी, पाठीवर पिशवी. "बॅटरीच हाये," तो उतरायच्या आधीच म्हणाला. बॅटरी बदलली. चावी फिरवली.

टक्. नवी बॅटरी असल्यामुळे जरा जोरात.

नीलेश डोकं खाजवत खाली बसला. "भैय्याजी, करंट जाते, तं परत बी याले पाह्यजे. जाताना तारेनं जाते, येताना गाडीच्या लोखंडातून येते."

"म्हनजे अर्थिंग! पहिल्या वर्षीच मी अर्थिंग म्हटलं नाई का?"

"तुमी तं जमिनीत खड्डा केलता."

"खड्डा चुकला, इचार बरोबर होता ना!"

मला स्टिअरिंगवर बसवण्यात आलं, कारण बाकी काही मला येत नाही यावर दोघांचं एकमत होतं. ते दोघं बॉनेटखाली डोकं घालून "मार!" म्हणायचे आणि मी चावी फिरवायचो. टक्. "मार!" टक्. "धरून ठेव!" मी चावी धरून ठेवली, आणि कंटाळून दुसऱ्या हाताने समोरची चोकची मूठ धरली. थंडीत इंजिनाला जास्त पेट्रोल पाजायला जी मूठ ओढतात, ती. आणि मी किंचाळलो.

"का झालं बे?"

"भाजलं! चोक तापलाय!"

"चोक कसा तापन? थो काय शेगडी हाये?" भैय्याजीने येऊन मूठ धरली आणि तोही किंचाळला. नीलेशने आमच्या दोघांकडे बघूनही मूठ धरली. तिघेही बोटं तोंडात घालून उभे.

मग भैय्याजीच्या चेहऱ्यावर जे झालं, ते मी शाळेतल्या सगळ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. त्याला खरंच काहीतरी कळलं.

"पाट बुजला!" तो ओरडला. "अबे, मोठा पाट बुजला का पानी कुठून जाते? उंदराच्या बिळातून जाते, बांधावरून जाते, जिथी जागा भेटन तिथून जाते! चोकची तार इंजिनातून निघते, इथी लोखंडाले येऊन भेटते. इंजिनाचा करंट परत याचा मोठा रस्ता बुजला. म्हनून थो या सुतळीएवढ्या तारेतून घुसून राह्यला! तापन नाई तं का करन?"

वांग्यांना पाणी देणाऱ्या माणसाने गाडीला पाणी दिलं होतं.

"बल्ब आन!" नीलेशने पिशवीतून दोन तारा लावलेला छोटा बल्ब काढला. भैय्याजीने एक तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, दुसरी गाडीच्या अंगाच्या लोखंडाला. "बॅटरीले लावलाच नाई मी. लोखंडाले आन् लोखंडाले. रस्ता साबूत असन तं दोन्ही लोखंडं एकच. बल्ब पेटाचा नाई. मार चावी!"

मी चावी फिरवली. टक्, आणि बॉनेटच्या सावलीत बल्ब पेटला.

काय आरडाओरडा केला आम्ही! भैय्याजी अंगणात गोल फिरला, नीलेशने त्याला उचललं, मी हॉर्न वाजवला, मंदाबाईंच्या कोंबड्या पुन्हा भिंतीवर. पुरण वाटता वाटता वच्छलाबाई बाहेर आल्या. "काहो, झाली का सुरू?"

"सुरू नाई झाली. बल्ब पेटला!"

"मंग दिवाळीले सांगाचं होतं," म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"इंजिनाले बॉडीसंग जोडनारा एक इनलेला पट्टा असते," नीलेश म्हणाला, "थो पाहा." पट्टा सापडला. इंजिनाच्या बाजूला, खाली, वेणीसारखा विणलेला. पण तो दिसत नव्हता, कारण त्याच्यावर तुपाचा आणि हळदीचा बोटभर थर होता. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे तूप-हळद लावून, पळसाच्या पानांनी शेकतात. सर्जीचेही शेकले होते. भैय्याजीने लगेच नीलेशचा हात धरला. "तिथी हात नको लावू. खांद शेकला हाये." तीन वर्षं त्या हळदीपाशी येऊन त्याचे हात थांबत होते. जिथे हळद, तिथे बिघाड असूच शकत नाही.

"एकच बोट लावतो," नीलेश म्हणाला. त्याने बोट लावलं आणि पट्ट्याचा नट बोटानेच गरागरा फिरला.

"ढिला हाये! काल सांजेलोक गाडी चालू होती ना? मंग ढिला कोनं केला?"

"मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

अंगणात इतकी शांतता झाली की कोंबड्याही खाली उतरल्या.

"काऊन?" भैय्याजीला एवढंच सुचलं.

"काऊन म्हनजे? खांद शेकाचा, तं जुपनं सोडा लागते का नाई? बैलाची मान जुवाले बांधून ठेवून खांद शेकता का तुमी? मामंजी होते तवा वरून वरूनच तूप लावत. मी म्हटलं, बैल म्हटलं तं रीतीनं करू. बॉनेट उघडलं, तं हे जुपनं दिसलं. फवारनीच्या पंपाचा पाना लागते याले बरोबर. सोडलं, खालून तूप चोपडलं, ढिलंच ठेवलं. पोळ्याच्या दिवशी बैलाले कोन जुपते? दुसऱ्या दिवशी सकाळी कसून देते ना मी परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी! मी भैय्याजीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोरून मिठाचं पाणी वाहून गेलं, फ्यूज गेले, शेवटी लिंबूही गेलं.

"सांगितलं काऊन नाई मले?"

"तुमी इचारलं कधी? बॉनेट उघडलं का म्हनता, वच्छला, चहा टाक. मले वाटे, गाडीले समजते. आज सन हाये, आज काम नाई. किती गुनाची, म्हटलं."

भैय्याजीने पाना उचलला. वच्छलाबाई पुरणाच्या हातांनी बॉनेटसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आज नाई."

"वच्छला, भूपेंद्र सर्जीले पोट्ट्याइच्या नंदीत उभी करन!"

"करू द्या. मामंजींच्या शब्दानं ते बैल झाली. बैल हाये, तं पोळ्याले जुपू देनार नाई. अन् बैल नसन, तं तोरनाखाली तिचं काम काय?"

पट्टा कसला तर सर्जी बैल राहत नाही. नाही कसला तर तोरणाखाली टक्. वडिलांचा शब्द दोन्हीकडून अडकला होता. भैय्याजी पायरीवर बसला. आणि मग त्याने तेच केलं, जे तो आयुष्यभर करत आला आहे. चहा मागितला.

अर्धा कप झाला आणि लाईन आली.

"वच्छला, पोळ्याले बैलाचं काय काय नवं असते?"

"झूल, घुंगरं, कासरा, वेसन. हे का इचारनं झालं?"

"मंग तू जुपनं सोडलं थे बरोबरच केलं. उलट पुरतं काढून टाकू. आन् नवी वेसन घालू! नीलेश, हाये का तुह्या पिशवीत नवा पट्टा?"

"हाये ना," नीलेश म्हणाला, आणि लगेच खालच्या आवाजात, "पन थे बी जुपनंच तं झालं."

"चूप बे."

वच्छलाबाईंनी नवा तांबडा, चमकणारा पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "वेसन नाकात असते. तुमचं जुपनं तं खांद्यापाशी होतं."

"नाक कुठी हाये, थे तूच सांग."

त्यांनी बॉनेटखाली वाकून नीट पाहिलं. सर्जीचं तोंड म्हणजे पुढची जाळी, तिथे त्या दरवर्षी पुरणपोळी भरवायच्या. तोंडाच्या जरा वर, इंजिनाच्या पुढच्या अंगाला, एका बोल्टवर त्यांनी बोट ठेवलं. "इथी."

"चालते, वहिनी," नीलेश म्हणाला. "इंजिन आन् बॉडी एकमेकाले भेटले म्हनजे झालं." पॉलिश पेपरने दोन्हीकडचा रंग घासला, लोखंड चांदीसारखं उघडं पडलं, आणि नवी वेसण घट्ट बसली. वच्छलाबाई तूप घेऊन पुढे सरसावल्या. नीलेशने अक्षरशः हात जोडले. "वरून, वहिनी. खाली एक थेंब बी नाई." त्यांनी नटाच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. जुना पट्टा धुऊन गोठ्याच्या खुंटीला लटकवला, सर्जाच्या जुपण्याशेजारी.

"आता एकदा मारून पाह्यू?" मी विचारलं.

"नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "बैल तोरनापावतर हातानंच नेते. वेसन हाये, कासरा बांधा, चला."

म्हणजे खात्री न करताच निघायचं! बंपरला कासरा बांधला. आम्ही तिघे ओढणारे, मंदाबाई मागून धरायला, वच्छलाबाई आरतीचं ताट घेऊन पुढे. वेशीवरची गर्दी आम्हाला ओढताना पाहून हसून फुटली. "आली, आली! नंदी आला!" डफडी वाजत होती, बैल ओळीत उभे होते आणि भूपेंद्र आपल्या जोडीशेजारी छाती काढून. सर्जी जागेवर उभी राहताच त्याने झडती म्हटली, पोळ्यात म्हणतात तशी, हात वर करून:

"वांगं तोडलं, भरलं पोतं, पोतं गेलं गाडीत,
गाडी बसली रुसून बाप्पा, नव्या नवरीच्या साडीत!"

"हर हर महादेव!" गाव गरजलं. भैय्याजी आत बसला. त्याचा चेहरा मला काचेवरच्या बेगडीमधून दिसत होता, आणि पहिल्यांदाच त्यावर कसलंही मत नव्हतं. आरती झाली. तोरण तुटलं. बैल निघाले. भूपेंद्रने मात्र आपली जोडी धरून ठेवली. त्याला बघायचं होतं. सगळ्यांनाच बघायचं होतं.

भैय्याजीने चावीला हात घातला, आणि अख्ख्या वेशीने एका सुरात तोंडाने आवाज काढला: "टक्!"

त्या टक्मध्ये खरा टक् ऐकूच आला नाही, कारण तो झालाच नाही. सर्जी घरघरली, तिने एकदा अंग झटकलं, घुंगरमाळ थरथरली आणि इंजिन असं सुरू झालं, जणू वर्षभर तेच बोलायचं राहून गेलं होतं! बार नाही, धूर नाही. भूपेंद्रच्या बैलांनी फक्त कान हलवले. नीलेशने टोपी उडवली ती मंदाबाईंच्या डोक्यावर पडली, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. मी कोणाला तरी मिठी मारली. सुटल्यावर पाहिलं तर तो भूपेंद्र होता.

भैय्याजीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि झडती सोडली:

"तूप लागलं खांद्याले, वेसन लागली नाकाले,
धक्का मारनं बंद झालं, आता इचारा चाकाले!"

"मानलं, भैय्याजी," भूपेंद्र म्हणाला. "बैलच हाये." आणि त्याने सर्जीच्या बॉनेटवर थाप मारली. आपल्या बैलाच्या पाठीवर मारतो तशीच, तेवढ्याच जोरात. तिथे आता एक पोचा आहे. भैय्याजी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

मारुतीच्या देवळाला फेरी घालून सर्जी स्वतःच्या पायांनी घरी आली. वच्छलाबाईंनी तिला ओवाळलं, तिच्या चाकांवर पाणी घातलं आणि डोळे पुसत पुसत म्हणाल्या, "मामंजी असते तं." मग ताटातल्या पुरणपोळ्या घेतल्या, तुपात बुडवलेल्या, आणि एकेक करून तिच्या तोंडात, म्हणजे जाळीत, भरवल्या. आज जरा जास्तच. पराक्रमच तसा होता.

चार दिवसांनी मला भैय्याजीचा फोन आला. आवाज दबका.

"काबे, गाडी गरम होऊन राह्यली. पंखा फिरते, पानी भरपूर हाये. हे विजेचं नाई ना?"

"जाळीच्या मागे बघ," मी म्हटलं. "रेडिएटरवर."

बराच वेळ फोनवर फक्त खरवडण्याचा आवाज आला. मग तो आणखी हळू म्हणाला, "सापडलं. पाच हायेत. वच्छला वावरात गेली हाये. ते येईलोक काढून घेतो. तू कोनाले सांगजो नको."

"आणि काढलेल्या पोळ्यांचं काय करशील?"

"एक तं आत्ता खाल्ली," तो म्हणाला. "पेट्रोलचा वास हाये, पन तूप चांगलं हाये."